परदेशी अर्जाची कागदपत्रं: राजारामपुरीतल्या सरांच्या ऑफिसचा आमचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग घ्यायचं, ड्रॉइंगप्रमाणं मशिनिंग करून द्यायचं, हे काम २२ वर्षं चाललंय. थोरली पोरगी शाळा सुटली की तिथंच यायची. व्हर्नियर धरायला ती सातवीत शिकली. दहावीला ८८ टक्के पडले तेव्हा सगळे म्हणाले, सायन्सला घाला. ती म्हणाली, मला मशीन शिकायचंय. मग अकरावी-बारावीच्या वाटेला न जाता तीन वर्षांचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि त्यानंतर डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगची डिग्री. आमच्या भागात ही अगदी रुळलेली वाट आहे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या इंजिनिअरांनी असंच शिक्षण केलंय.

जर्मनीत मास्टर्सला अर्ज करायची वेळ आली आणि या रुळलेल्या वाटेपाशीच सगळं अडलं.

पुण्यातल्या एका मोठ्या कन्सल्टन्सीत आम्ही ४५,००० रुपये भरले होते. नाव लिहीत नाही, भांडण करायचं नाही. चकचकीत ऑफिस, भिंतीवर झेंडे, दर आठवड्याला वेगळा माणूस फोनवर. त्यांनी ऑनलाइन फॉर्म भरला. फॉर्ममध्ये 'बारावीचं प्रमाणपत्र' असा रकाना होता, तिथं डिप्लोमाची शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका चढवली. डिग्रीची तिसऱ्या सेमिस्टरपासून आठव्यापर्यंतची मार्कलिस्टं चढवली. आणि एकाही मार्कलिस्टची मागची बाजू स्कॅन केली नाही.

जूनच्या शेवटी विद्यापीठाचा मेल आला. भाषा सभ्य, प्रश्न तीन. बारावीचं प्रमाणपत्र कुठं आहे? डिग्रीचं पहिलं आणि दुसरं सेमिस्टर कुठं आहे? आणि पास होण्यासाठी किमान किती ग्रेड पॉइंट लागतात? उत्तराला १४ दिवस. कन्सल्टन्सीला फोन केला तर म्हणाले, "सगळ्यांना येतो हा मेल, डिप्लोमाचंच परत पाठवा." पोरगी त्या रात्री जेवली नाही. तिला वाटलं, आपण चोरवाटेनं इंजिनिअर झालो असं त्यांना वाटतंय.

शेजारच्या पॅटर्नमेकरनं या सरांचा पत्ता दिला. सर पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेले, मॅडम एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होत्या. राजारामपुरीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दोघं मिळून हे काम करतात. बाहेर पाटी नाही. त्यांना गर्दी नको आहे, म्हणून मीही नाव देत नाही. राजारामपुरीत चौकशी केली तर घर सापडतं.

आम्ही गेलो तेव्हा मी मेलची प्रिंट पुढं केली. सरांनी ती बाजूला ठेवली आणि पोरीला विचारलं, "दहावीचं मार्कलिस्ट आणलंयस का, बाळ?"

आणलं नव्हतं. आम्हाला वाटलं, डिग्रीचा प्रश्न आहे, दहावीचं काय काम! सर म्हणाले, "उद्या घेऊन ये. ओरिजिनल. मी दहावीपासूनच सुरू करतो. वाचणाऱ्याला तुझी सुरुवात कळली नाही तर शेवट कसा कळणार?"

दुसऱ्या दिवशी जे दोन तास झाले, त्यासाठीच मी हे लिहायला बसलोय. पुढं मुलं बाहेर पाठवणाऱ्या पालकांना ते कळायला हवं असं मला फार वाटतं.

सरांनी आधी जर्मनीचं सांगितलं. तिथं शिक्षण हा राज्यांचा विषय, १६ राज्यं, प्रत्येकाचे थोडे वेगळे नियम. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडं नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझिउम. तिथं बारा किंवा तेरा वर्षं शिकून आबिटूर नावाची परीक्षा द्यायची. ते प्रमाणपत्र म्हणजेच विद्यापीठाच्या दाराची किल्ली. "आता तिथं विद्यापीठात अर्ज तपासायला टेबलावर बसलेल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवा," सर म्हणाले. "तिच्यासमोर पदवी झालेली मुलगी आहे आणि बारावी नाही. म्हणजे किल्लीशिवाय घरात शिरलेली. ती तुमच्यावर संशय घेत नाही. दार कुठं आहे ते तिला दिसत नाही, म्हणून विचारतेय."

हे ऐकल्यावर पोरीचा चेहरा बदलला. मला ते वाक्य फार मोलाचं वाटलं.

मग सर म्हणाले की जर्मनीतही दुसरं दार आहे. मुलं शाळेनंतर कंपनीत उमेदवारी करतात, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसाय-शाळेत. त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. दोन ते साडेतीन वर्षं. पुढं अनुभव घेऊन, परीक्षा देऊन माणूस माईस्टर, म्हणजे त्या धंद्यातला प्रमाणित उस्ताद, होतो, आणि २००९ पासून माईस्टर झालेल्याला आबिटूर नसतानाही विद्यापीठात प्रवेश घेता येतो. माझ्याकडं आयटीआय झालेली दोन पोरं कामाला आहेत, त्यांच्या हाताला मी स्वतः वळण लावलंय. लेथवरच्या माणसाला विद्यापीठाचा रस्ता मोकळा असतो हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"डिप्लोमा म्हणजे माईस्टर असं मी लिहिणार नाही," सर लगेच म्हणाले. "ते खोटं होईल. पण व्यावसायिक शिक्षणातून पदवीकडं जाणारी वाट ही कल्पना त्यांना परकी नाही. ती आपल्याकडं कशी आहे तेवढं दाखवायचं."

मग त्यांनी कोरा कागद घेऊन आडवी रेघ मारली आणि वर्षं मोजत गेले. शाळा दहा वर्षं, शेवटी राज्य मंडळाची परीक्षा, आमच्याकडं कोल्हापूर विभागीय मंडळ. तिथून रेघेला दोन फाटे. वरच्या फाट्यावर अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि डिग्रीचं पहिलं वर्ष, एकूण तीन. खालच्या फाट्यावर डिप्लोमाची तीन वर्षं. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी दोन्ही फाटे एकत्र. दोघांचीही तेरा वर्षं झालेली. तिथून पुढं तीन वर्षं एकाच वर्गात, एकच पेपर, एकच पदवी. एकूण सोळा.

एवढंच. मी आयुष्यभर ही वाट बघत आलो, पण कधी अशी मोजली नव्हती. मेलमधल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या एका रेघेत होती. बारावी नाही, कारण ती खालच्या फाट्यावर नसतेच. पहिली दोन सेमिस्टर नाहीत, कारण डिप्लोमाच्या तीन वर्षांमुळं त्यातून रीतसर सूट आहे. सरांनी त्या सवलतीचा आधारही जोडला: राज्याच्या सीईटी सेलच्या डायरेक्ट सेकंड इयर प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान, आणि पोरीचा त्या प्रक्रियेतला प्रवेशाचा कागद. हा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर, गुणवत्ता यादीनं होतो, हेही एका वाक्यात.

क्रेडिटचाही, म्हणजे अभ्यासाच्या मापाचाही, घोळ होता. त्यांच्याकडं एका वर्षाला ६० क्रेडिट धरतात, म्हणजे चार वर्षांची पदवी २४०. आपल्याकडं एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांना मिळून १६०, कारण आपलं क्रेडिट आठवड्याच्या तासावर मोजतात आणि त्यांचं विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या एकूण कष्टावर. हे न सांगता नुसते आकडे पुढं ठेवले तर आपली मुलं दोन-तृतीयांशच कोर्स करून आल्यासारखी दिसतात. पोरीची तर तीनच वर्षांची क्रेडिटं कागदावर होती.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात किरकोळ वाटला होता. किमान पास किती, याला काय अर्थ? सरांनी कॅल्क्युलेटर पोरीच्या हातात दिला.

जर्मनीत १ हा सगळ्यात चांगला ग्रेड आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्यात बदलायला तिथली विद्यापीठं बव्हेरियन सूत्र म्हणून एक हिशोब वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे. त्याला, जास्तीत जास्तमधून किमान पास वजा करून जे येतं, त्यानं भागायचं. तीननं गुणायचं, एक मिळवायचा. पोरीचा सीजीपीए, म्हणजे ग्रेड पॉइंटची सरासरी, ७.२. तिच्या विद्यापीठात पास म्हणजे ४ पॉइंट. दहातून ७.२ गेले, राहिले २.८. दहातून ४ गेले, राहिले ६. भागून, तीननं गुणून, एक मिळवून आले २.४.

"आता पास ५ ला धर," सर म्हणाले.

तिनं केलं. २.६८ आले, म्हणजे २.७.

बऱ्याच मास्टर्सना अट २.५ ची असते. पोरगी तीच, मार्क तेच, पेपर तेच. पण तळ ४ आहे की ५ हे वाचणाऱ्याला माहीत नसेल, तर २.४ ची मुलगी २.७ ची होते आणि अर्ज बाजूला पडतो. आणि हा तळ कुठं लिहिलेला असतो? मार्कलिस्टच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, ग्रेडच्या तक्त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत. जी बाजू ४५,००० घेणाऱ्यांनी स्कॅन केली नव्हती.

आमच्या धंद्यात ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं, कापलेला शंकू आणि दोन वर्तुळं. ड्रॉइंग फर्स्ट अँगलचं आहे की थर्ड अँगलचं ते त्यावरून कळतं. आपल्याकडं आणि युरोपात फर्स्ट अँगल चालतं, अमेरिकेची ड्रॉइंगं थर्ड अँगलची. चिन्ह बघितलं नाही तर माणूस सगळी मापं बरोबर काढून जॉब उलटा करतो. डावीकडचं भोक उजवीकडं पडतं. मापं चुकलेली नसतात, ड्रॉइंगही चुकलेलं नसतं. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते खुश झाले. म्हणाले, आपल्या मार्कलिस्टांवर ते चिन्ह नसतं, ते आपणच काढून द्यायचं असतं.

एक एटीकेटी होती. इंजिनिअरिंग मॅथ्स तीन. डिप्लोमावरून गेलेल्या बऱ्याच मुलांची तिथं गाडी अडते, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांच्या हाताखालून गेलेलं नसतं. मी म्हटलं, सर, हे सांगायलाच हवं का? ते म्हणाले, मार्कलिस्टवर दिसतंय, मग लपवायचं कुणापासून? त्यांनी लिहिलं की या विद्यापीठात एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं, तो विषय पुढच्या परीक्षेत सोडवावा लागतो, आणि हिनं तो पुढच्याच परीक्षेत सोडवला. दोन वाक्यं. वर्ष वाया गेलं असा अर्थ कुणी काढू नये एवढीच काळजी.

नावाचंही बघून घ्या. आपल्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळं, नाव वेगळं. तिकडचा माणूस पहिला शब्द म्हणजे नाव असं समजतो, आणि शेवटचा म्हणजे आडनाव. म्हणजे त्यांच्या लेखी पोरीचं आडनाव माझं नाव झालं! मॅडमनी सगळ्या कागदांवरची नावं एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडली आणि खाली लिहिलं की ही एकच व्यक्ती.

सेमी इंग्लिशही समजावावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, सरकारमान्य शाळेत. आमच्या घरात याच्यावर कधी चर्चाही झाली नव्हती.

आता या ऑफिसची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ते स्वतःच्या सहीनं काहीही देत नाहीत. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, माझ्या सहीला तिथं किंमत नाही आणि नसायलाच हवी. ते मसुदा करून देतात, दोन पानांचा, साध्या इंग्रजीत, प्रत्येक वाक्यामागं कोणता कागद आहे त्याचा क्रमांक टाकून. तो मसुदा आपण कॉलेजच्या परीक्षा विभागात न्यायचा. त्यांनी तो आपल्या नोंदींशी ताडून, लेटरहेडवर घेऊन, सही-शिक्का करून द्यायचा. आमच्या कॉलेजच्या क्लार्कनं मसुदा वाचला आणि म्हणाला, "असं लिहून आणलं तर आम्हाला सही करायला काय अडचण?" चार दिवसांत मिळालं.

मसुद्यात एकही विशेषण नव्हतं. मी सुचवलं, नामांकित कॉलेज असं तरी घाला. सरांनी घातलं नाही. वाचणाऱ्याला नामांकित म्हणजे काय ते मोजता येत नाही, वर्षं आणि तास मोजता येतात, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा पटलं नव्हतं. पत्र छापून हातात आलं आणि पटलं. इतकं स्वच्छ होतं की इंग्रजी बेताचं असूनही मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत समजलं.

एपीएसबद्दल लोक विचारतात म्हणून लिहितो. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून दिल्लीच्या एपीएसकडून कागद तपासून घ्यावे लागतात. आम्ही १८,००० रुपये फी भरली. ते आम्ही आधीच केलं होतं आणि मला वाटत होतं की त्यानंतर काही समजावायचं उरत नाही. तसं नाही. एपीएस सांगतं की कागद खरे आहेत. त्या कागदांचा हिशोब शेवटी विद्यापीठ आपल्या पद्धतीनं लावतं.

पैसे: आमचे एकूण ४,००० झाले. पावती मिळाली. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत.

अडचणी सांगायला हव्यात. जिना अरुंद आणि उभा आहे, माझ्या आईला घेऊन गेलो असतो तर ती चढू शकली नसती. दुपारी चारच्या आधी फोन उचलत नाहीत. दिवसाला दोनच फायली घेतात, त्यामुळं मे-जूनमध्ये आठवडाभर थांबावं लागतं, आम्हाला तारीख मिळाली ती मॅडमनी मेलवरची मुदत बघितली म्हणून. स्कॅनर नाही, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून करून आणावं लागतं. व्हॉट्सअॅपवर कागद पाठवले तर बघत नाहीत, ओरिजिनल समोर पाहिजे. तुम्ही गडहिंग्लज, चंदगडकडून येणार असाल तर एका फेरीत काम होईल असं धरू नका. आम्हाला चार फेऱ्या पडल्या. शिवाय व्हिसा, कर्ज, राहायची सोय, एसओपी (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन) यातलं काहीही ते करत नाहीत. कोणत्या देशात जावं हे विचारलं तर सांगत नाहीत.

माझी खरी तक्रार एकच आहे, आणि ती त्यांच्यावर नाही. हे काम दोन निवृत्त माणसं घराच्या पुढच्या खोलीत करतायत. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, खेड्यातल्या मुलांना राहून शिकता यावं म्हणून या गावात बोर्डिंगं काढली. अशा गावातल्या प्रत्येक कॉलेजात हा दोन पानांचा कागद तयार का नसावा? मुलांची नावं आणि गुण तेवढे बदलायचे. डायरेक्ट सेकंड इयरची रेघ सगळ्यांची सारखीच आहे. मी आमच्या कॉलेजला तसं पत्र दिलंय. सरांनी आपला मसुदा फुकट वापरायला परवानगी दिलीय.

आम्ही मुदतीच्या तीन दिवस आधी उत्तर पाठवलं. नवव्या दिवशी मेल आला. कागद पुरेसे आहेत, आणि त्यांच्या हिशोबानं ग्रेड २.४. पोरगी वर्कशॉपमध्ये होती, लेथ चालू होता, तिनं मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. मी मशीन बंद केलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं. प्रवेश सरांच्या ऑफिसमुळं मिळाला असं मी म्हणणार नाही, गुण तिचे आहेत. पण ते गुण जसे आहेत तसे तिथल्या टेबलापर्यंत पोचले ते या दोघांमुळं.

माझ्याकडं कामाला असलेल्या एका पोराची बहीण यंदा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही पुढं बाहेर जायचंय. गेल्या शनिवारी दोघांना सरांकडं पाठवलं. जाताना सांगितलं, सगळे कागद ओरिजिनल घ्या, दोन्ही बाजू बघून घ्या, आणि दहावीचं मार्कलिस्ट सगळ्यात वर ठेवा.